रोह्याला नंबरप्लेट नसते

पत्राचा सारांश: हे वाचक यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातले शेतकरी आहेत. घरी जुनी डिझेल गाडी आहे. आईला दर महिन्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावं लागतं, हंगामात पांढरकवड्याला चकरा असतात, कधीमधी नागपूरही होतं. उन्हाळ्यात आठवडी बाजाराच्या गर्दीतून ते गाडी हळू काढत होते. मागून ट्रिपल सीट आलेली मोटरसायकल गाडीच्या डाव्या बाजूला घासून पडली. लोक जमले, "पयले दवाखान्याचे पैसे काढ, मंग बोल" असं सुरू झालं आणि १२ हजार रुपये देऊन त्यांनी सुटका करून घेतली. आता डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या काचेवर बसवून रस्त्याचं सतत चित्रण करणारा कॅमेरा, घ्यायचा आहे. पुतण्याने यादी करून दिली आहे: फोर के, जीपीएस, एडास, ३६० अंश, क्लाउड, पार्किंग मोड. असा कॅमेरा १८ हजारांच्या घरात जातो आणि यांची तयारी आठ-दहा हजारांची आहे. पत्नी म्हणतात, "आपलं घरचं बोलनं त्या डबीत कायले भरून ठेवाचं?" पत्राच्या शेवटी ते विचारतात: पुतण्या रात्री गाडी जोरात पळवतो असं लोक सांगतात, तेही कॅमेऱ्यात कळेल का? आणि दिवाळीच्या सेलपर्यंत थांबू का?

भाऊ,

"कॅमेरा असता तर बारा हजार वाचले असते," असं तुम्ही लिहिलंय. सुरुवात तिथूनच करू, कारण पुतण्याची अख्खी यादी त्या एका वाक्यावर उभी आहे.

मोटरसायकल मागून आली आणि डाव्या अंगाला घासली. समोरच्या काचेवरच्या कॅमेऱ्याला त्यातलं काय दिसलं असतं? भाजीची दुकानं, माणसांच्या पाठी, आणि मग एक धक्का. तो कॅमेरा फोर के असता तर हेच सगळं जास्त स्वच्छ दिसलं असतं, इतकंच. तुमची गाडी हळू होती हे त्यातून कळलं असतं, आणि तेही थोडं नाही. पण कोण कोणावर येऊन आदळलं हे सांगायला मागच्या काचेवर डोळा हवा होता. म्हणून तुमच्यासाठी पहिली गोष्ट ही: एकच भारी कॅमेरा घेण्यापेक्षा पुढे एक आणि मागे एक असा मध्यम जोड घ्या. पुढचा टू के, म्हणजे १४४०पी, आणि मागचा १०८०पी असला तरी भागतं. असे जोड तुमच्या बजेटमध्ये बसतात.

दुसरी शंका त्या गर्दीबद्दल. समजा मागचा कॅमेरा होता आणि सगळं नीट रेकॉर्ड झालं होतं. भर बाजारात वीस-पंचवीस माणसं गाडीला घेरून उभी असताना त्यांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवून तुम्ही पटवून दिलं असतं का? मला नाही वाटत. उलट "काढ तो कॅमेरा" म्हणून कोणीतरी हात घातला असता. डॅशकॅमचं खरं काम नंतर सुरू होतं, पोलीस ठाण्यात, विमा कंपनीच्या सर्व्हेअरसमोर, आणि वेळ आलीच तर कोर्टात. जागेवरच्या पंचायतीत त्याची फार आशा ठेवू नका. कॅमेऱ्याने वादाचा निकाल लागत नाही. तुमच्या बाजूने बोलणारा एक साक्षीदार मिळतो. तो साक्षीदार तुमची चूकही सांगतो, हे घेण्याआधीच मनाशी पक्कं करा. ज्या कॅमेऱ्यात जीपीएस आहे त्यात पडद्याच्या कोपऱ्यात वेग छापून येतो, आणि तो वेग समोरच्या वकिलालाही वाचता येतो.

आता यादी. त्यात जे नाही त्याबद्दल आधी लिहितो, कारण आपल्याकडे तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे: ऊन.

ज्यांनी ही यंत्रं बनवली त्यांच्या डोळ्यासमोर आपला मे महिना क्वचितच असतो. बाहेर ४५ अंश असताना उन्हात बंद ठेवलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तापमान ७० अंशांच्या आसपास सहज जातं. कॅमेरा तर काचेलाच चिकटलेला, म्हणजे सगळ्यात तापणाऱ्या जागी. स्वस्त कॅमेऱ्यांत आत छोटी लिथियम बॅटरी असते. अशा उष्णतेत ती फुगते, कॅमेऱ्याचं कव्हर उचकटतं, आणि दोन उन्हाळ्यांत यंत्र मान टाकतं. बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला कॅमेरा घ्या. तो वीज फार साठवत नाही. गाडी बंद झाली की शेवटची फाइल नीट जतन करण्यापुरतीच साठवतो, पण उन्हाला पुरून उरतो. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात हा शब्द शोधा. चालण्याची तापमान मर्यादा ७० अंशांपर्यंत दिलेली आहे का तेही बघा. दुकानदाराला दोन्ही गोष्टी सांगता येत नसतील तर दुसरं दुकान गाठा.

उन्हाचाच दुसरा बळी म्हणजे रबरी वाटीचा स्टँड, जो हवा काढून काचेला चिकटतो. एप्रिल लागला की तो खाली पडतो, आणि नेमका तुम्ही गिअर बदलत असताना पडतो. चिकटपट्टीने बसणारा कॅमेरा घ्या. काच आतून स्वच्छ पुसा, सकाळी थंड वेळेला लावा, आणि आरशाच्या मागे डावीकडे अशा जागी लावा की वायपर फिरतो तेवढ्या भागात त्याची नजर राहील आणि तुमची अडणार नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट. आपल्याकडे डॅशबोर्डवर पांढरा टॉवेल अंथरायची सवय आहे, वर देवाची मूर्ती, शेजारी प्लास्टिकची फुलं. त्या सगळ्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि रेकॉर्डिंगमध्ये रस्त्याच्या जागी टॉवेल दिसतो. मूर्ती राहू द्या, टॉवेल काळा करा.

आता फोर केबद्दल. त्याच्यामागे लागण्याचं कारण काय? समोरच्याची नंबरप्लेट वाचता यावी. शहरात हे बरोबर आहे. पण तुमच्या रस्त्यांवर धोका कशाचा आहे ते आठवून बघा. कापूस भरून जिनिंगकडे निघालेली ट्रॅक्टरची ट्रॉली, जिला मागे लाल दिवा नाही आणि बहुतेक वेळा नंबरही नाही. अंधारात वावरातून परतणारी बंडी. तुरीच्या धुऱ्यावरून एकाएकी रस्त्यावर उडी घेणारा रोही, म्हणजे नीलगाय, नाहीतर रानडुकरांचा कळप. रोह्याला नंबरप्लेट नसते. तिथे तुम्हाला अक्षरं वाचायची नसतात. काय आडवं आलं, किती अंतरावर आलं, ब्रेक केव्हा लागला एवढं दिसलं पाहिजे, आणि तेही अंधारात. हे काम पिक्सेलपेक्षा सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप, करतो. सोनीचा स्टारव्हिस सेन्सर असलेला टू के कॅमेरा रात्री चांगला चालतो. नुसतं "फोर के" लिहिलेल्या काही स्वस्त कॅमेऱ्यांत आतला सेन्सर लहानच असतो आणि चित्र ताणून मोठं केलेलं असतं. म्हणून सेन्सर कोणता, हे विचारा.

नंबर वाचण्याचा एक बिनपैशाचा उपाय आहे, आणि तो वहिनींच्या आक्षेपाशी जोडलेला आहे. रात्री समोरच्याच्या नंबरवर आपल्या हेडलाइटचा उजेड पडला की कॅमेऱ्यात ती पाटी नुसती पांढरी दिसते. चांगल्या कॅमेऱ्यातही असं होतं. पण माणसाच्या डोळ्याला ती तेव्हा दिसलेली असते. कोणी ठोकून पळालं तर नंबर, गाडीचा रंग आणि कुठल्या दिशेने गेली ते मोठ्याने बोला. माइक चालू असेल तर ते सगळं त्याच फाइलमध्ये, त्याच वेळेसह नोंदवलं जातं.

आणि म्हणूनच वहिनींचं म्हणणं उडवून लावू नका. गाडीत आपण काय काय बोलतो! आईचा आजार, सोसायटीचं कर्ज, पोरीचं स्थळ. ही गाडी उद्या मेकॅनिककडे जाणार, कार्ड पुतण्याच्या लॅपटॉपमध्ये जाणार, आणि एखादवेळी अपघाताची फाइल म्हणून पोलिसांकडेही. वहिनींनी ज्याला डबी म्हटलं तिच्यात खरंच सगळं भरून राहतं. बहुतेक कॅमेऱ्यांत माइक बंद करण्याची सोय असते. ती एका बटणावर असलेला कॅमेरा निवडा, रोज माइक बंद ठेवा, आणि ते बटण अंधारात हाताला सापडतं का ते आधी करून बघा. माइक बंद आहे हे वहिनींना स्वतःला एखादी फाइल लावून ऐकवा. पटवून देण्यापेक्षा ते बरं. गाडीच्या आतलं चित्रण करणारा तिसरा कॅमेरा टॅक्सीवाल्यांच्या कामाचा असतो, तुम्हाला नको.

उरलेली यादी भरभर संपवतो.

एडास म्हणजे लेन सुटली, पुढची गाडी जवळ आली की वाजणारी सूचना. वरून चिकटवलेला कॅमेरा नुसता वाजतो, ब्रेक लावत नाही. नागपूर-हैदराबाद महामार्गावर, म्हणजे ४४ नंबरवर, त्याचा थोडा उपयोग आहे, कारण तिथे रंगवलेले पट्टे आहेत. तुमच्या गावच्या रस्त्यावर पट्टे कुठे आहेत? तिथे तो प्रत्येक गुरांच्या कळपाला वाजेल आणि आठवड्याभरात तुम्ही बंद कराल. त्याचे वेगळे पैसे देऊ नका.

क्लाउडला सिमकार्ड लागतं, दर महिन्याचं रिचार्ज लागतं आणि रेंज लागते. तुमच्या भागात रेंज कुठे जाते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. वगळा. मात्र वाय-फाय असू द्या. त्याला इंटरनेट लागत नाही. कॅमेरा आणि फोन एकमेकांशी जोडले जातात आणि कार्ड न काढता ती एक फाइल मोबाइलमध्ये उतरवता येते. बाजारातल्यासारख्या प्रसंगानंतर हीच सोय कामाला येते.

पार्किंग मोडचा हिशेब करू. गाडी उभी असताना कॅमेरा साधारण पाव अँपिअर खातो. दिवसाला सहा अँपिअर-अवर झाले. तुमच्या गाडीची बॅटरी जुनी, आणि पेरणीच्या दिवसांत ती चार-पाच दिवस अंगणात नुसतीच उभी असते. आईला न्यायच्या सकाळी गाडी सुरू झाली नाही तर? त्यासाठीच्या हार्डवायर किटमध्ये, म्हणजे कॅमेरा थेट गाडीच्या वायरिंगला जोडणाऱ्या संचात, व्होल्टेज खाली आलं की वीज तोडण्याची सोय असते, पण गावात अंगणात उभ्या गाडीला एवढा पहारा कशाला? सिगारेट लायटरच्या सॉकेटवरच कॅमेरा चालवा. फक्त चावी काढल्यावर तो सॉकेट बंद होतो का ते बघा. काही गाड्यांत होत नाही, मग प्लग हाताने काढावा लागतो. पुढेमागे हार्डवायर करायचंच ठरलं तर ऑटो इलेक्ट्रिशियनला वायर कापून जोड देऊ देऊ नका, फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या खाचेत बसणारा जोड, वापरायला सांगा. आणि समोरच्या काचेशेजारच्या खांबात पडद्यासारखी उघडणारी (कर्टन) एअरबॅग असेल तर तिच्या पुढून केबल नको.

जीपीएस घ्यावा असं मला वाटतं. त्यात जागा आणि वेळ आपोआप नोंदवली जाते. जीपीएस नसलेला कॅमेरा बरेच दिवस बंद राहिला की त्याची तारीख बिघडते, आणि चुकीच्या तारखेचा व्हिडिओ कोणापुढे ठेवणं म्हणजे विचारणाऱ्याला आयतं निमित्त देणं.

कार्डावर मात्र पैसे वाचवू नका. आठ हजारांचा कॅमेरा घेऊन त्यात मोबाइलचं जुनं कार्ड घालणारे पुष्कळ आहेत. डॅशकॅम सतत लिहितो आणि पुसतो. साधं कार्ड त्याने लवकर खराब होतं आणि खराब झाल्याचं कळतं ते अपघाताच्या दिवशी. "हाय एन्ड्युरन्स" लिहिलेलं घ्या. फुल एचडीचं एक चित्रण तासाला साधारण सहा-सात जीबी खातं. दोन कॅमेरे, त्यातला एक टू के, म्हणजे तासाला १५ जीबीच्या पुढे. ६४ जीबीचं कार्ड चार तासांत भरतं आणि मग जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं जातं. तुम्ही सकाळी नागपूरला गेलात आणि रात्री परतलात तर सकाळचं काही उरत नाही. १२८ जीबी घ्या, कॅमेरा तेवढं घेतो का ते बघून. फाइलची लांबी तीन मिनिटांवर ठेवा. धक्का बसला की ती फाइल पुसली जाऊ नये म्हणून कॅमेरा ती कुलूपबंद करतो. पण त्याची संवेदनशीलता फार वाढवून ठेवली तर आपल्या खड्ड्यांनी दर किलोमीटरला एक फाइल कुलूपबंद होईल आणि कार्ड त्यानेच भरेल. ती सगळ्यात कमीवर ठेवा, आणि महिन्यातून एकदा, आईच्या दवाखान्याच्या फेरीनंतर समजा, कॅमेऱ्यातूनच कार्ड फॉरमॅट करा. पांदण रस्त्याची धूळ मागच्या काचेवर इतकी बसते की मागचा कॅमेरा आंधळा होतो. निघण्याआधी मागची काच पुसायची सवय लावून घ्या.

कॅमेरा घेण्याआधी घरात एक कागद मात्र बघा: विम्याची पॉलिसी. जुन्या गाडीला बरेच जण फक्त थर्ड पार्टी विमा ठेवतात. तसं असेल तर रोह्याच्या धडकेत बोनेट चेपलं, तर कितीही स्वच्छ व्हिडिओ असला तरी भरपाई मिळणार नाही. त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचा विमा लागतो. तो नसेल आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर मी आधी विमा म्हणेन.

पुन्हा बाजारासारखा प्रसंग आला तर? मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळतील असं बघणं हे चालकाचं कर्तव्य आहे, चूक कोणाचीही असो. जमाव अंगावर येत असेल तर त्यातून सूट आहे, हे त्याच कलमात लिहिलंय; पण मग जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत, कळवावं लागतं. विमा कंपनीलाही लेखी कळवा. १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस. जखमीची भरपाई हे थर्ड पार्टी विम्याचं काम आहे. तुम्ही हातावर १२ हजार ठेवलेत तेव्हा काही लिहून घेतलं होतं का, ते पत्रात नाही. खरचटण्यावर असे व्यवहार गावात होतात आणि होत राहतील, पण निदान दोन साक्षीदारांसमोर कागद करा.

आणि कॅमेरा? गर्दीत त्याचा उल्लेखही करू नका. मिळेल त्या क्षणी फाइल कुलूपबंद करायचं बटण दाबा, मोबाइलमध्ये उतरवा, आणि घरी आल्यावर कार्ड काढून पाकिटात घालून ठेवा, दुसरं कार्ड लावा. त्या फाइलची काटछाट करू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत दबलेली असते, ती मूळ म्हणून चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. वकील त्यासाठी मदत करतो, पण मूळ कार्ड जागेवर असेल तर त्याचं काम सोपं होतं. त्या मोटरसायकलवाल्या पोरांचे चेहरे गावाच्या ग्रुपवर टाकण्याचा मोह होईल. त्याने भांडण वाढेल, बाकी काही होणार नाही.

पुतण्याबद्दल. वेग कळेल, जीपीएसमुळे कळेलच. पण तुम्ही लिहिता "लोक सांगतात", म्हणजे तुम्ही त्याला अजून विचारलेलं नाही. ज्या पोराने तुमच्यासाठी बसून एवढी यादी काढली, त्याच्यावर त्याच कॅमेऱ्याने गुपचूप पाळत ठेवली आणि महिन्याभराने त्याला पकडला, तर तो वेग कमी करणार नाही, प्लग काढून ठेवेल. कॅमेरा बसवायचं काम त्यालाच द्या. वेग छापला जातो हे त्याला सेटिंग करतानाच दिसेल. मग रात्रीच्या चावीचं काय करायचं ते समोरासमोर बोला. तो निर्णय कॅमेऱ्यावर ढकलू नका.

सेलचं विचारलंत. कॅमेरा सेलमध्ये घ्यायला हरकत नाही, पण दिवाळीपर्यंत थांबायचं कारण मला दिसत नाही. सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की रात्रीचे ट्रॅक्टर वाढतात, आणि मागोमाग कापूस निघतो. तुमच्या रस्त्यावरचे सगळ्यात वाईट दिवस तेच, आणि ते सेलसाठी थांबत नाहीत. पाच-सातशे रुपये वाचतील म्हणून तो महिना घालवू नका. कार्ड मात्र ऑनलाइन सेलमध्ये अनोळखी विक्रेत्याकडून घेऊ नका, बनावट फार येतात. यवतमाळ किंवा नागपूरच्या दुकानातून पक्कं बिल घेऊन घ्या. बसवल्यावर पहिल्याच रात्री गावच्या रस्त्यावर एक फेरी मारा आणि घरी येऊन मोठ्या पडद्यावर बघा. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडातही रस्त्याची कड दिसत नसेल, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत बदलून घ्या.